बंदोबस्ताच्या कागदावर एक रकाना कमी आहे

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य,
तसेच सर्व पोलीस आयुक्त आणि जिल्हा पोलीस अधीक्षक

विषय : बंदोबस्ताच्या आदेशात ऊन-पावसाचा रकाना घालण्याबाबत
संदर्भ : चौतीस वर्षांची नोकरी

महोदय,

मी सांगली जिल्हा पोलीस दलात १९८८ साली शिपाई म्हणून लागलो आणि २०२२ साली श्रेणी उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. दरबारात, म्हणजे शिपायांनी साहेबांपुढं अडचणी मांडायच्या सभेत, हात वर करून बोलायची सवय मला कधी लागली नाही. आमचा माणूस दरबारात बोलतो तो रजा, बदली आणि क्वार्टर या तीन विषयांवर, तेही आधी जमादाराच्या कानावर घालून. हा चौथा विषय आहे. तो कुणाच्या कानावर घालायचा हे तेव्हा कळलं नाही, म्हणून आता उघड पत्रानं लिहितो.

बंदोबस्ताचा आदेश आपल्या सहीनं निघतो. अनुक्रमांक, नाव, बक्कल नंबर, पॉइंट, हजर राहण्याची वेळ. खाली सूचना : गणवेश स्वच्छ असावा, लाठी-शिट्टी जवळ असावी, मोबाईलवर बोलत बसू नये, रिलीव्हर आल्याशिवाय पॉइंट सोडू नये. गणपती, यात्रा, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, काहीही असो, कागद तोच. असे हजारभर आदेश माझ्या हातून गेले असतील. त्या दिवशी ऊन किती लागणार, पाऊस किती, नदी कुठवर आली आहे, याची एक ओळ मला त्यांत कधी दिसली नाही. पुराच्या बंदोबस्ताच्या आदेशातसुद्धा नाही!

२०१९ सालाचं सांगतो. २३ एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं आणि मला जत तालुक्यातल्या एका गावात केंद्र लागलं होतं. पत्र्याची शाळा. आदल्या संध्याकाळी मतदान पथकाबरोबर एसटीनं जाऊन पडलो, पहाटे पाचपासून दारात उभा. बरोबर एक होमगार्ड होता, तिशीच्या आतला, बोलका. सकाळभर तो मला त्याच्या म्हशीबद्दल सांगत होता. ती चारा छावणीत होती आणि तिथली पेंड तिला मानवत नव्हती. दुपारी दीडच्या सुमारास त्याचं बोलणं थांबलं. मी पाहिलं तर कपाळ कोरडं. मला वाटलं, बरं झालं, सावलीला टेकला म्हणून घाम थांबला. पाच मिनिटांनी त्यानं माझ्याकडं हात पसरला आणि म्हणाला, "मास्तर, एक जत द्या." मला कंडक्टर समजत होता तो.

गावकरी शहाणे निघाले. मतदारांसाठी ठेवलेला पाण्याचा रांजण एका बाईनं त्याच्या अंगावर उपडा केला, दोघांनी त्याचा पट्टा आणि बूट काढले आणि जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तो वाचला. मी वर फोन केला, तर पहिला प्रश्न आला, "पॉइंटला आता कोण आहे?" विचारणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांना त्यांच्या वरच्यांनी तेच विचारलं असतं. चौतीस वर्षांत मला लाठी शिकवली, रायफल शिकवली, अश्रुधूर शिकवला, पंचनामा शिकवला. उष्माघातात घाम थांबतो, माणूस बरळायला लागतो आणि मग हातात फार वेळ उरत नाही, एवढं एक वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. ते मला त्या रांजणवाल्या बाईकडून कळलं.

हे एकट्या जतचं नाही. ३१ मे २०२४ ला उत्तर प्रदेशात मिर्झापूरला निवडणुकीच्या कामावर आलेले लोक उन्हानं पटापट पडले आणि मेले, त्यात होमगार्ड होते. त्यांच्याही आदेशावर पॉइंट आणि वेळ व्यवस्थित लिहिलेली असणार.

त्याच २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला बोटी चालू होत्या आणि पूर्वेला, जत-आटपाडीकडं, त्याच आठवड्यात पाण्याचे टँकर चालू होते. एकाच दिवशी वायरलेसवर एकीकडून "बोट कुठवर आली" आणि दुसरीकडून "टँकर कुठवर आला" असे कॉल मी ऐकले आहेत. तीन वर्षं मागं गेलं तर याच कृष्णेचं पाणी मिरजेत हैदरखान विहिरीतून रेल्वेच्या वाघिणींत भरून लातूरला जात होतं. एप्रिल २०१६ ची गोष्ट. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. तिकडं लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावलेलं होतं. दंगलीसाठी, दगडफेकीसाठी आम्ही १४४ पाहिलं होतं. नळासाठी लागलेलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आता नव्या संहितेत ते कलम १६३ झालं आहे. आकडा बदलला, टाकी तीच.

मनमाडला २०१९ च्या उन्हाळ्यात एका रहिवाशानं टाकीतलं पाणी चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांत दिली, तेव्हा आमच्या ठाण्यात सगळे हसले होते. मुद्देमाल हस्तगत कसा करायचा, म्हणे. मीही हसलो. पण जतच्या सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा केली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावरून दोन राज्यांत ठिणगी पडली, तेव्हा हसू गेलं. एसटी बंद, नाक्यावर फौजफाटा, रात्रीची गस्त. कागदावर ते सीमावादाचं आंदोलन. मुळात ते न आलेलं पाणी. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून निघणारे मोर्चे हे त्याच्या उलट, नको तेव्हा आलेलं पाणी. दोन्हीकडं मधे उभा असतो तो शिपाई, आणि त्याला फक्त एवढंच सांगितलेलं असतं की रस्ता मोकळा ठेव.

हवा बदलली हे सांगायला मी शास्त्रज्ञ नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरून कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आम्ही ते नोकरीच्या भाषेत असं सांगतो : २००५ च्या पुराची रेघ लोकांनी भिंतीवर मारून ठेवली होती, की यापुढं पाणी येत नसतं. २०१९ ला ती रेघ बुडाली. मग २०१९ ची नवी रेघ मारली, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ ला, नदी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली. त्याच जुलैत २२ तारखेला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण बुडालं, महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. पूर्वी आम्ही पूर म्हणजे एखाद्या पिढीत एकदा येणारा पाहुणा समजायचो. आता तो बदलीवर आलेल्या माणसासारखा सामान घेऊनच येतो.

आता बोटीबद्दल. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी गच्च भरलेली गावची बोट उलटली. डझनाहून अधिक माणसं गेली, बायका आणि पोरं त्यात जास्त. त्या बातमीनंतर दुसऱ्या एका काठावर मी उभा होतो आणि माझ्यासमोर बोट भरत होती. एक म्हातारी बोचकं सोडायला तयार नव्हती, बोचक्यात कोंबड्या. मागून लोक ढकलत होते. मी कितव्या माणसाला हात आडवा करायचा? आठव्या? बाराव्या? मला माहीत नव्हतं. लष्कराचा एक जवान आला, त्यानं बोटीच्या कडेला पाणी कुठवर आलं ते बघितलं आणि तीन माणसं उतरवली, त्यातला एक गावचा मातब्बर. माझ्याच्यानं तो उतरला नसता, हे मला त्या क्षणी कळलं. तो जवान मोजून बोलत होता, मी अंदाजानं.

आणि मला पोहता येत नाही. कृष्णाकाठी नोकरी काढलेल्या पोलिसाला पोहता येत नाही, हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्या ठाण्यात निम्म्यांची हीच स्थिती होती. भरतीत सोळाशे मीटर धावणं आहे, शंभर मीटर आहे, गोळाफेक आहे. गोळा फेकायची वेळ माझ्यावर चौतीस वर्षांत एकदाही आली नाही. पाण्यात उतरायची सात वेळा आली. आमच्या तासगाव तालुक्यातच तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून बाहेर पडणारं प्रत्येक पोर निदान गळ्यात लाइफ जॅकेट घालून पाण्यात तरंगतं, एवढं तरी आपण पाहाल का? जॅकेट कसं बांधायचं हेही शिकवावं लागतं. २०१९ ला आम्हाला जॅकेटं मिळाली तेव्हा एकानं ते उलटं घातलं होतं. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला, त्याला ते शिकवलं नव्हतं हे फिरलं नाही.

जे शिकलेले आहेत त्यांनाही पाणी सोडत नाही. राज्य राखीव दलाच्या जवानांतून उभं केलेलं एसडीआरएफ, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दल, धुळ्याला आणि नागपूरला आहे. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्याचा शोध घेताना धुळ्याच्या त्यांच्या पथकाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्याच्या दोनच दिवस आधी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यानं प्रवासी बोट उलटून सहा जण गेले होते. बोटीत एक पोलीस अधिकारी होता, तो पोहत काठाला आला म्हणून निदान बोट कुठं उलटली ते समजलं. हे मी भीती घालायला सांगत नाही. अशा वेळी माणसं कधी पाठवायची यापेक्षा कधी पाठवायची नाहीत, हा हुकूम देणं जड असतं. काठावर नातेवाईक रडत असतात, पुढारी फोनवर असतो, कॅमेरा समोर असतो. तो हुकूम आपल्या पातळीवरच्या माणसानं द्यायचा असतो. हवालदारावर तो ढकलला तर हवालदार उडी मारणार. त्याला शिकवलेलंच ते आहे.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो लोक उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत बसले आणि चौदा जण उन्हानं गेले. तो कार्यक्रम सरकारचा होता, त्यामुळं पोलिसांनी परवानगी नाकारायला हवी होती असं म्हणणं सोपं आहे आणि थोडं खोटंही. मी असल्या बंदोबस्तांत उभा राहिलो आहे. वाहनतळ, व्हीआयपी मार्ग, डॉग स्क्वॉड, साध्या वेशातले, सगळं चोख असतं. व्यासपीठाला छप्पर असतं. समोरच्या लोकांच्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न सुरक्षेत मोडतो असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही, कारण ऊन हा संशयित इसम नाही. खारघरनंतर सरकारनं ऊन उतरेपर्यंत दुपारी बारा ते पाच उघड्यावरचे कार्यक्रम बंद केले. मग ऊन उतरलं आणि तो निर्णयही उतरला.

माझं म्हणणं साधं आहे. रात्री दहाला स्पीकर बंद करायला आपण शिकलोच ना? त्यावरून कमी शिव्या खाल्ल्या का? मिरवणुकीत कमी हाणामाऱ्या झाल्या का? तरी दहा म्हणजे दहा, हे आता गल्लीतल्या मंडळालाही पाठ आहे. मग हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी दुपारी बाराला मैदान बंद, हे का होऊ नये? महाराष्ट्र पोलीस अधिनियमातल्या ज्या कलमांखाली आपण मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरवता, त्यांतच ही वेळ ठरवता येते. परवानगीच्या अर्जात आयोजकाला मंडपाची लांबी-रुंदी, वाहनतळ, स्वयंसेवक विचारतो. माणशी पाणी किती आणि सावली किती हेही विचारता येतं. नाही म्हणायची हिंमत मात्र वरूनच यायला हवी. ठाण्याचा निरीक्षक आमदाराच्या सभेला उन्हाचं कारण सांगून नाही म्हणाला, तर तो पुढच्या सोमवारी कंट्रोल रूमला जमा होतो, हे आपणही जाणता.

लोकांचं सांगता सांगता स्वतःच्या माणसांचं राहिलं. उन्हाळ्यात टेरिकॉटची पँट, बूट, चामडी पट्टा, आणि दंगलीचा बंदोबस्त असेल तर वर हेल्मेट, छातीचं कवच, ढाल. अहमदाबादनं वाहतूक पोलिसांना वातानुकूलित हेल्मेट देऊन पाहिलं. ते चांगलंच आहे, पण डोकं गार राहून पाय डांबरावर आठ तास उभे असतील तर ते अर्धंच काम झालं. २०१३ मध्ये त्याच अहमदाबादनं देशातला पहिला शहराचा उष्णता कृती आराखडा केला होता. त्यातलं खरं शहाणपण उपकरणांत नव्हतं, उद्या ऊन वाढणार हे आज कुणी कुणाला फोन करून सांगायचं, यात होतं. आपल्याकडं इशारा येतो तो जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून ईमेलनं अधीक्षक कार्यालयात, तिथं बारनिशीत नोंद होते, आणि पॉइंटवरच्या पोराला तो कळतो शेजारच्या चहावाल्याच्या मोबाईलवरून.

महिला अंमलदारांचं तर वेगळंच. दलात तीस टक्के आरक्षण आहे, पोरी धडाडीनं येतात. पण बारा तासांच्या पॉइंटवर जवळपास स्वच्छतागृह नसतं, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. माझ्या हाताखालची एक पोरगी पालखीच्या बंदोबस्तात दिवसभर ओठ ओले करून राहायची. मी पाण्याची बाटली पुढं केली की म्हणायची, "नको काका, मग जाऊ कुठं?" साहेब, चाळीस अंशांत पाणी न पिता उभी असलेली पोलीस ही शिस्त नव्हे, तो ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यू, होण्याची वाट पाहणारा कागद आहे.

ए.डी.चा विषय निघालाच तर तोही सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा तिथं आहे. मे महिन्यात बसस्टँडवर, रेल्वेच्या पुलाखाली, उसाच्या फडाच्या कडेला माणूस मरून पडलेला सापडतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी कलम १७४ खाली, आता १९४ खाली. मी अशा दोन-अडीचशे नोंदी केल्या असतील. पंचनाम्यात आम्ही सदऱ्याचा रंग लिहितो, खिशातली तंबाखूची पुडी लिहितो, गोंदण लिहितो, प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला ते लिहितो. त्या जागी सावली होती का, किती वाजता तो शेवटचा चालताना दिसला, त्या दिवशी तापमान किती होतं, हे लिहीत नाही. मग डॉक्टरांपुढं कागद जातो आणि शेरा येतो हृदय बंद पडल्याचा. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं! त्या उन्हाळ्यात तालुक्यात किती माणसं उन्हानं मेली, हे मग कुणालाच कळत नाही. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात या तीन ओळी घातल्या, तर पैसा लागत नाही. प्रेताजवळ डॉक्टर, तहसीलदार, पत्रकार यांच्या कुणाच्याही आधी आमचा बीट अंमलदार पोचलेला असतो. त्यानं लिहिलं नाही तर पुढं कुणी लिहीत नाही.

पुराच्या कागदांचीही एक गोष्ट आहे. कुठल्या ठाण्याची ते सांगत नाही. पाणी रात्री आलं. आम्ही सगळे गावात बोटीवर, ठाण्यात ठाणे अंमलदार आणि एक शिपाई. त्यांनी शस्त्रं वर काढली, स्टेशन डायरी वर काढली, लॉकअपमधले दोघे वर काढले. मुद्देमालाची खोली तळमजल्यावर होती आणि किल्ली मुद्देमाल कारकुनाकडं. तो त्याच्या घरच्यांना पत्र्यावर चढवण्यात गुंतलेला. चार दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा खोलीचं दार फुगून बसलं होतं. आत सगळं एक. रक्तानं माखलेल्या कपड्यांची पाकिटं, लाखेची सीलं, विळे, दारूचे कॅन, गांजाचं पोतं, लेबलं कुठल्या कुठं. वळणाच्या अक्षरात लिहिलेले गुन्ह्याचे नंबर निळे ओघळ होऊन गेले होते. पंधरा दिवस आम्ही व्हरांड्यात दोऱ्या बांधून केस डायऱ्या वाळवत होतो, एक हवालदार घरची इस्त्री घेऊन पानं सुकवत होता. त्यातल्या एका खटल्यात पुढं कोर्टात वकिलानं विचारलं, हा विळा त्याच गुन्ह्यातला कशावरून? आम्ही काय सांगणार, पुरातला आहे म्हणून? आरोपी सुटला. मेलेल्या माणसाची आई कोर्टाच्या आवारात बसून होती, तिला मी नळाचं पाणी आणून दिलं. दुसरं काही द्यायला नव्हतं.

ज्या ठाण्याच्या भिंतीवर पुराची रेघ आहे, तिथं मुद्देमालाची खोली त्या रेघेच्या वर न्यायला किती खर्च येतो? सांगलीच्या जिल्हा कारागृहात २०१९ ला पाणी शिरलं आणि कैद्यांना वरच्या मजल्यावर हलवावं लागलं. माणसं तरी जिना चढतात. पुरावा चढत नाही.

पोलीस लाइनबद्दल फार लिहीत नाही. बंदोबस्तावरचा माणूस दुसऱ्याचं घर रिकामं करत असतो तेव्हा त्याचं घर कोण रिकामं करतं, हा प्रश्न माझ्या बायकोनं मला २००५, २०१९ आणि २०२१ ला विचारला. तीन वेळा माझं उत्तर एकच होतं आणि तीन वेळा ते तिला पटलं नाही. यंदा मुलगा पोलिसांत जातो म्हणाला तर ती काय म्हणाली, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता आपल्या खुर्चीबद्दल बोलतो, राग मानू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात जिल्हा प्राधिकरणावर जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि पोलीस अधीक्षक पदसिद्ध सदस्य आहेत. बैठक मान्सूनपूर्व होते, चहा-बिस्कीट होतं, बोटींची यादी वाचली जाते. पण अधीक्षक दोन-अडीच वर्षांत बदलतात. नव्या साहेबांना पहिला पूर परका असतो. ते विचारतात, पाणी किती फुटांवर आहे? आम्ही सांगतो, सूर्यवंशी प्लॉटात शिरलं, कर्नाळ रोड बंद होईल, मग दत्तनगर, रात्रीपर्यंत सांगलवाडीचा विचार करावा लागेल. साहेब फुटांत विचार करतात, आम्ही प्लॉटांत. दोन्ही खरंच आहे, पण कुणाच्या म्हणण्यानं बॅरिकेड हलणार? २०१९ ला कोयनेतनं सोडलेल्या पाण्याचा आकडा क्युसेकमध्ये आला तेव्हा एका तरुण अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, म्हणजे किती?" मला तो माणूस फार आवडला. विचारलं म्हणूनच मी त्याला सांगू शकलो की आजवर एवढं पाणी आलं तेव्हा कुठली गल्ली किती तासांनी गेली. आम्ही ती गल्ली पाणी यायच्या पाच तास आधी रिकामी केली. धरण फुटलं म्हणून अफवा उठली, तेव्हा तोच अधिकारी स्पीकर लावून गल्लीगल्लीत फिरला. लोकांनी त्याचं ऐकलं, कारण सकाळपासून त्याचा एकही आकडा चुकला नव्हता.

गावात हे काम पोलीस पाटील करतो. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, तेव्हा वर जायला गाडीरस्ता नव्हता. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकारानं गाठलं आणि तो गेला. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. तिथं वाडीत कोण कोण झोपलं होतं, कोण आश्रमशाळेत होतं, कोण मजुरीला बाहेर होतं, ही यादी करणं हे पोलिसाचं काम, आणि यादी करायला ज्यांना विचारायचं तेच ढिगाऱ्याखाली. डोंगराखालच्या प्रत्येक वाडीची माणसांची यादी पावसाच्या आधी पोलीस पाटलाकडं आणि ठाण्यात अशी दोन ठिकाणी असली पाहिजे. मतदार यादीत लहान पोरं नसतात.

खालून आलेली गोष्ट वर ऐकली जाते, हे मी पाहिलेलं आहे. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली ती एका पोलीस शिपायानं बसवलेल्या वेळापत्रकावरून. आयुक्तांनी ते ऐकलं. म्हणजे ऐकता येतं. तर माझी मागणी एवढीच : बंदोबस्ताच्या आदेशात एक रकाना. त्यात हवामान खात्याचा त्या दिवसाचा रंग, पिवळा, नारिंगी की लाल. आणि रकान्याखाली एक वाक्य, की रंग लाल असेल तर ऊन किंवा पाण्यामुळं माणूस पॉइंटवरून हलवायचा अधिकार तिथं हजर असलेल्या सगळ्यात वरिष्ठ अंमलदाराला राहील, मग तो हवालदार का असेना, आणि त्याबद्दल त्याला मेमो मिळणार नाही. ‘मेमो मिळणार नाही’ हे शब्द जसेच्या तसे ठेवा. बाकीची भाषा कार्यालयानं कशीही सजवावी.

माझ्याकडं एक वही आहे. १९८८ पासूनची, चहाचे डाग पडलेली. कुठल्या साली कुठल्या तारखेला पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीला होतं, कोण घर सोडत नव्हतं आणि कुणाचं ऐकून बाहेर आलं, जतच्या कुठल्या केंद्राला झाड आहे आणि कुठल्या केंद्राला नाही, असं काहीबाही लिहिलेलं. अक्षर वाईट आहे, मला बसून वाचून दाखवावं लागेल. आपल्यापैकी कुणी जूनच्या आधी बोलावलं तर येतो. गाडी पाठवू नका, एसटीनं येतो.

आपला विश्वासू,
सांगली जिल्हा पोलीस दलातला एक निवृत्त श्रेणी उपनिरीक्षक